शक्तिमानचा जुना पोशाख आणि आपली जीभ



या वेळचा विषय ना पर्युषणाचा आहे, ना चोविहाराच्या आधी उरकायच्या स्वयंपाकाचा. विषय आहे शक्तिमान. हसू नका. किंवा हसा, पण पुढे वाचा, कारण लिहायचं आहे ते हसण्याबद्दलच.

परवा आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरत आला. तोच लालसर-सोनेरी पोशाख, छातीवर तेच चिन्ह, आणि आत तेच मुकेश खन्ना, फक्त आता आजोबांच्या वयाचे. खाली कोणीतरी त्यांच्या पोटावरून एक ओळ लिहिली होती आणि त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. पाठवणाऱ्या आणि हसणाऱ्या सगळ्या माझ्या जवळच्याच. त्यांच्याशी समोरासमोर बोलून झालं आहे, त्यामुळे इथे लिहिलं म्हणून कोणी रुसणार नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'शक्तिमान' दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. पुढे तिला परत आणायचे प्रयत्न झाले. २०११ मध्ये कार्टून मालिका आली, २०१३ मध्ये एक टेलीफिल्म आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने मोठ्या सिनेमाची घोषणा केली. त्या सिनेमाची वाट बघून लोक थकले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खन्नांनी स्वतःच जाहीर केलं की शक्तिमान परत येतो आहे. ज्ञानपंचमी नुकतीच झाली होती, कार्तिकी पौर्णिमा चार-पाच दिवसांवर होती. म्हणजे आपला चातुर्माससुद्धा अजून उठला नव्हता. लोकांना वाटलं मालिका येणार, निदान सिनेमा तरी. आलं ते त्यांच्या भीष्म इंटरनॅशनलच्या यूट्यूब वाहिनीवरचं एक गाणं. शक्तिमान गिरक्या घेत येतो आणि मुलांना स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोड्यासारखी ओळखायला सांगतो. एवढंच. फार खर्च केलेला नाही हे पहिल्या मिनिटात कळतं. खन्ना तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते, आणि तेही पहिल्या मिनिटात कळतं.

आणि मग चाहते तुटून पडले. परके लोक नाही बरं का, चाहतेच. ज्यांनी लहानपणी टॉवेल पाठीला बांधून ओट्यावरून उड्या मारल्या ते. कोणी म्हणालं हा पोशाख आता उतरवा. कोणी वय काढलं, कोणी पोट काढलं, कोणी हॉलिवूडच्या सुपरहिरोंशेजारी फोटो लावून दाखवला. कोणी हात जोडून विनवलं की आमचं बालपण असं खराब करू नका. बाजू घेणारेही होते, पण त्यांचा आवाज त्या गलक्यात बुडाला.

माझं मत आधीच सांगून टाकते: मला तो व्हिडिओ आवडला नाही. आवडला नाही असं म्हणायला काही हरकतही नाही. पण नावडण्याचं कारण लोकांनी सांगितलं ते नव्हे, आणि ज्या तऱ्हेनं सांगितलं ती तऱ्हा तर मला मुळीच पटली नाही.

आधी स्वस्तपणाचं बघू, कारण सर्वांत जास्त चेष्टा त्याचीच झाली.

१९९७ ला मी अकरा वर्षांची होते, माहेरी भोरला. पुढे 'शक्तिमान' रविवारी दुपारी बाराला लागायची तेव्हा आमच्या वाड्यातल्या चार घरांची पोरं एका टीव्हीसमोर बसायची. ॲन्टेना फिरवायला एक जण माळवदावर. वीज गेली की सगळ्यांचा एकच हंबरडा. दुकानात पार्ले-जीच्या पुड्यांची थप्पी असायची, आणि त्या बिस्किटांच्या जाहिरातीतही शक्तिमानच, त्यामुळे आमच्या लेखी तो घरचाच माणूस होता. आजी पूजा आटोपून आली की मागे माळ घेऊन बसायची, पण डोळा टीव्हीवर. पाच तत्त्वांची शक्ती, कुंडलिनी, तपस्वी गुरूंनी निवडलेला माणूस, हे सगळं तिला ओळखीचं वाटायचं. तिचं म्हणणं, ही तर लब्धी आहे. तप केलं की येते, पण दाखवायची नसते. मग ती स्थूलिभद्रस्वामींची गोष्ट सांगायची. सात बहिणी साध्वी वंदनाला आल्या, आणि आपण काय शिकलोय ते दाखवावं म्हणून यांनी सिंहाचं रूप घेतलं. भद्रबाहुस्वामींना ते कळलं आणि त्यांनी उरलेल्या चार पूर्वांचा अर्थ शिकवायला नकार दिला. म्हणून तो गंगाधर, दात पुढे काढून, जाड भिंगाचा चष्मा लावून वेंधळेपणा करणारा, आजीला फार आवडायचा. शक्तिमानपेक्षा जास्त. अंगात एवढं असून झाकून ठेवतो, म्हणायची.

विज्ञानकथा म्हणावी की पुराणकथा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. एका बाजूला ऋषी आणि चक्रं, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत नाही ते उद्योग करणारा डॉक्टर जैकाल. ललित परिमू काय करायचे तो! सुरेंद्र पाल यांचा तमराज किल्विष अंधाराचा राजा होता, आणि रात्री मागच्या दारी पाणी आणायला जायचं म्हटलं की आम्हाला तोच आठवायचा.

आता ही मालिका महागडी होती का? अजिबात नाही. उडताना त्याच्या अंगाभोवतीची कड दिसायची. डोंगर पुठ्ठ्याचे वाटायचे, गुहा रंगवलेली कळायची. गिरकी घेतली की पडद्यावर एक भोवरा फिरायचा आणि झालं, माणूस गायब. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी असताना दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. आमच्या शिवऱ्यातून जाणारा पुणे-सातारा रस्ता, एरवी रात्रभर ट्रक गरजत असतात, तो तेव्हा इतका सुना होता की घरात बसून रस्त्यावरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं. त्या दुपारी माझ्या मुलानं पहिल्यांदा शक्तिमान बघितला. पहिल्या दिवशी तो लोळून लोळून हसला. "आई, हे खोटं दिसतंय गं!" दुसऱ्या दिवशी थोडा कमी हसला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवायला बोलावलं तर म्हणाला, थांब, गीताला कळणार आहे की गंगाधर कोण आहे ते. पुठ्ठ्याचा डोंगर तोवर त्याच्या डोळ्यांसमोरून गेला होता.

तेव्हा पैसा कमी होता म्हणून वाईट झालं, हे मला पटत नाही. कमी पैशात केलेल्या गोष्टीत माणूस रमतो की नाही, याचा अनुभव आपल्याला दरवर्षी येतो. पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा सुपनं उतरतात तेव्हा आठवून बघा. माझ्या लहानपणी आमच्या संघातलं हत्तीचं सुपन रंग उडालेलं होतं, सिंहाचा एक कान तुटलेला, आणि ती खाली सोडायची दोरी मध्येच अडकायची. तरी लक्ष्मीदेवीचं सुपन खाली येताना बायकांच्या अंगावर काटा यायचा. बोली काही हजारांतच संपायची, पण ज्याच्या हाती ते सुपन यायचं त्याचे डोळे भरलेले असायचे. आता काही ठिकाणी दिव्यांच्या माळा, धूर सोडणारी यंत्रं, मोठ्या पडद्यावर हलतं चित्र. छानच दिसतं, नाही म्हणत नाही. पण काटा येतो तो त्रिशलामातेच्या त्या रात्रीमुळे. गोष्ट तिथे आहे म्हणून पुठ्ठाही चालतो.

आणि नव्या शक्तिमानात नेमकी गोष्टच नव्हती. माझी तक्रार एवढीच. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या मुलानं त्याला बघितलं, त्याला विचारायचं होतं की तू इतकी वर्षं होतास कुठे? किल्विष गेला की दडून बसला? गीता कुठे आहे? गंगाधर अजून वर्तमानपत्रातच आहे का, आणि आता वर्तमानपत्रंच कोणी वाचत नाही तर त्याचं पोट कशावर चालतं? यातल्या एकाही प्रश्नाला हात न लावता आपल्याला एक सामान्यज्ञानाची परीक्षा दिली. भगतसिंग, आझाद, सुभाषबाबू मुलांना कळायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण शक्तिमान उपदेश करायचा तो भागाच्या शेवटी. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' आठवतं ना? आधी अर्धा तास गोष्ट, मग दोन मिनिटं शिकवण, आणि चूक केलेलं पोर कान पकडून "सॉरी शक्तिमान" म्हणायचं. आमच्या पाठशाळेच्या बाईंनी तर त्याचाच उपयोग करून आम्हाला मिच्छामि दुक्कडम् चा अर्थ समजावला होता. गोष्ट ऐकून मऊ झालेल्या पोराला ती दोन मिनिटं गोड लागायची. गोष्ट काढून नुसती शिकवण वाढली, तर ती जेवणाआधीच ताटात पडलेल्या औषधाच्या गोळीसारखी होते.

दुसरीकडे लोकांनी हे कसं निभावलं तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये बीबीसीची 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानकथांची मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. तीही गरिबाघरचीच, तिच्या डळमळत्या भिंतींवर तिथे अजून विनोद होतात. तिचा नायक विल्यम हार्टनेल वयस्कर होता, तब्येत बिघडत चालली होती. १९६६ मध्ये लेखकांनी तोड काढली: हा डॉक्टर परग्रहावरचा आहे, देह थकला की तो नवा देह धारण करतो. आत तोच, बाहेर दुसरा नट. द्रव्य तेच, पर्याय बदलला! साध्वीजींनी व्याख्यानात सोन्याचं कडं मोडून साखळी केल्याचा दृष्टांत दिला की माझ्या मनात ही मालिका हमखास येते, आणि मी मान खाली घालून बसते. १९८९ ला मालिका थांबली, १९९६ ला एकदा टीव्हीपटाच्या रूपात येऊन गेली, आणि २००५ ला पुन्हा सुरू झाली ती नव्या नटाला घेऊन. लोकांनी उचलून धरली. जुन्या नटाचं प्रेम कमी झालं म्हणून नव्हे; नायकापेक्षा नट मोठा नाही, हे त्या गोष्टीतच मांडलेलं होतं म्हणून.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपला फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांचा बन्या, इथल्या फुरसुंगीचा. दूरदर्शनवर सुमीत राघवन लहानपणी बन्या झाला होता. २०१७ मध्ये सिनेमा आला तेव्हा बन्या झाला अमेय वाघ, आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. माझ्या मोठ्या दिरांना तो बन्या अजिबात रुचला नाही, त्यांच्या मते बन्या शाळेतच राहायला हवा होता. मला आवडला. आम्ही त्यावरून जेवताना भांडलो, पण अमेय वाघच्या दिसण्यावरून कोणी काही बोललं नाही. भांडण बन्याचं होतं.

शक्तिमानच्या बाबतीत हे का झालं नाही, याचा थोडा दोष खन्नांकडेही जातो. ही भूमिका रणवीर सिंगने करू नये असं ते उघडपणे बोलले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की पुढचा शक्तिमान मीच, असं सिद्ध करायला मी आलेलो नाही. पण पोशाख चढवून आले ते स्वतःच. स्वतः उभी केलेली, पदरचे पैसे आणि आयुष्यातली वर्षं घातलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देताना जीव तुटतो, हे कोणत्या सासूला सांगायला हवं? तरी एका टप्प्यावर किल्ल्या द्याव्या लागतात. मान कषाय हा असाच असतो, चांगल्या कामाच्या आडोशाला बसतो, त्यामुळे लवकर दिसत नाही. शिवाय घोषणा अशी केली की ऐकणाऱ्याला पंगतीचं आमंत्रण आल्यासारखं वाटलं, आणि पुढ्यात आलं ते सरबत. लोक चिडले, यात नवल नाही.

इथवर मी चाहत्यांच्या बाजूची आहे. इथून पुढे नाही.

भाजीत मीठ जास्त झालं हे सांगणं वेगळं, आणि जिनं ती केली तिच्या हाताची थरथर चारचौघांत करून दाखवणं वेगळं. पहिलं सांगायलाच हवं, नाहीतर उद्याही भाजी खारटच होईल. दुसऱ्याला आपल्याकडे नाव आहे. अठरा पापस्थानकं आपण प्रतिक्रमणात म्हणतो, त्यात अभ्याख्यान, पैशुन्य, परपरिवाद ही तीन ओळीनं जिभेचीच आहेत, फार तर मध्ये एखादं दुसरं येतं. हिंसा, चोरी यांच्या पंगतीला बसवली आहेत ती. आपण ती इतक्या वेगानं म्हणून टाकतो की परपरिवाद म्हणजे काय, हे विचारायला वेळच मिळत नाही. दुसऱ्याचं उणं चघळणं, एवढाच त्याचा अर्थ. चघळणं हाच शब्द बरोबर आहे. भूक नसताना, नुसत्या चवीसाठी.

सहासष्टाव्या वर्षी पोट सुटणं हा गुन्हा आहे का? गाल ओघळणं, गिरकी घेताना पाय जपून टाकणं? ज्या शरीराला आपण व्याख्यानात रोज नाशिवंत म्हणतो, ते एका माणसाच्या बाबतीत खरोखर तसं वागलं, तर आपण बोट दाखवून हसायचं?

एक मैत्रीण म्हणाली, मी तर काही लिहिलं नाही, फक्त तो हसरा चेहरा टाकला. मग करण-करावण-अनुमोदन हे आपण कशासाठी शिकलो? इथे एक बारकावा आहे, तो जाणत्या बायका लगेच काढतील म्हणून मीच सांगते. सामायिकाच्या पच्चक्खाणात आपण श्रावक-श्राविका दोन करण आणि तीन योगांनी त्याग करतो. करणार नाही आणि करवणार नाही, एवढंच. अनुमोदनेचा त्याग साधू-साध्वीजींचा, कारण संसारात राहून तो पाळणं आपल्याला झेपत नाही. बरोबर आहे. घरात दुकान चालतं, शेती होते, त्याला आपली मूक संमती असतेच. ती सूट दिली आहे ती संसार चालावा म्हणून. एका म्हाताऱ्या नटाच्या पोटावर हसरा चेहरा टाकल्यानं कोणाचा संसार चालतो? ज्या सवलतीची गरजच नव्हती तीही आपण वापरून घेतली.

आता त्या वाक्याकडे येते, जे मला सर्वांत जास्त खुपलं: आमचं बालपण खराब केलं. वरवर प्रेमाचं वाक्य वाटतं. पण नीट बघितलं तर ते मालकीचं आहे. माझ्या आठवणीतला शक्तिमान माझा, तो मी काचेच्या कपाटात ठेवलाय, त्याला धूळ लागता कामा नये. परिग्रह फक्त दागिन्यांचा आणि साड्यांचाच असतो असं थोडंच आहे! आठवणींचाही असतो, आणि त्याचं परिमाण कोणी घेत नाही. राग आणि द्वेष हे आपल्याकडे जोडीनं का सांगतात, ते इथे कळतं. आठ वर्षं ज्याच्यावर जीव टाकला त्याच्यावरच लोक सर्वांत जास्त कडवटपणे बोलले. ज्यांनी मालिका कधी बघितलीच नाही ते गप्पच होते, त्यांना काय पडलं होतं?

आणि खराब तरी काय झालं? ते जुने भाग आहेत तिथे आहेत. कोणी पुसलेले नाहीत. माझ्या आजीची माळ, माळवदावर ॲन्टेना धरून उभा राहिलेला चुलतभाऊ, हे त्या नव्या गाण्यानं कसं काय बिघडलं? खरं दुःख वेगळं होतं असं मला वाटतं. तो म्हातारा झाला म्हणजे आपणही झालो. शक्तिमान बघणारी पोरं आता चाळिशीला टेकली आहेत, गुडघे बोलायला लागलेत, चष्म्याचा नंबर वाढलाय. आरशातलं दिसू नये म्हणून आपण समोरच्यावर हसलो.

हे सगळं मी एका टीव्ही नटाच्या कळवळ्यानं लिहीत नाही. खन्नांना माझ्या वकिलीची गरज नाही, ते स्वतः भरपूर बोलतात. मला काळजी आहे ती आपल्या घरांतल्या पोरांची, जी आपल्या खांद्यावरून मोबाईलमध्ये बघत असतात.

गेल्या कार्तिकात एका भावनेच्या कार्यक्रमात आमच्या नात्यातल्या एका आजींनी स्तवन म्हटलं. वय अठ्ठ्याहत्तर. एकेकाळी त्यांचा आवाज असा होता की त्यांच्याशिवाय भावना सुरू व्हायची नाही. आता वरचा स्वर लागत नाही, मध्येच श्वास तुटतो. पुढे बसलेल्या दोन पोरांनी मोबाईलवर ते चित्रित केलं, त्याला कसलेतरी गमतीचे आवाज जोडले आणि संध्याकाळपर्यंत ते चार घरांत पोचलं. पोरं वाईट नाहीत हो. एक तर दर रविवारी पाठशाळेत येतो, नऊ वर्षांचा असताना अठ्ठम केला होता त्यानं. त्याच्या आईनं त्याला रागावून विचारलं तर तो अगदी खऱ्या आश्चर्यानं म्हणाला, "तुम्ही पण शक्तिमानवर हसला होतात ना?"

आजींनी तो व्हिडिओ बघितला. कोणीतरी दाखवला, बघा तुमची मजा म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, हसल्यासुद्धा. पण त्यानंतर भावनेत त्या मागच्या खांबाजवळ बसतात. माईक पुढे केला की हातानंच नको म्हणतात, घसा बसलाय सांगतात. सहा महिने घसा बसलेला आहे. त्यांना जी जुनी स्तवनं येतात त्यांच्या चाली दुसऱ्या कोणाकडे नाहीत, कुठल्या पुस्तकात चाल लिहिलेली नसते. कात्रजच्या आगम मंदिरात दर्शनाला गेलो होतो तेव्हा गाडीत मी त्यांना म्हटलं, एखादं म्हणा की, आपण दोघीच आहोत. खेड-शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग दोन ओळी गुणगुणल्या आणि म्हणाल्या, मोबाईल चालू नाही ना?

म्हणून परवाचा तो व्हिडिओ आला तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं की गाणं कसं वाटलं यावर बोलू, हवं तर दोन तास बोलू, पण माणसाच्या अंगावर नको. दोघींनी अंगठा दाखवला, एकीनं "तू ना फारच गंभीर होतेस" असं लिहिलं. असू दे. तिनं संध्याकाळी फोन करून साबुदाण्याच्या चिकोड्यांचं प्रमाण विचारलं, म्हणजे मन मोडलेलं नाही.

खन्नांना कोणी विचारलं, आणि मला कोणी सांगू दिलं, तर मी एक गोष्ट सुचवीन. मूळ मालिकेत महागुरूंची भूमिका टॉम ऑल्टर करायचे. ते २०१७ मध्ये गेले. ती जागा रिकामी आहे. खन्नांनी तो लालसर पोशाख एखाद्या पंचविशीतल्या, नाव नसलेल्या पोराच्या हाती द्यावा, स्वतः पांढरी वस्त्रं घालून त्या जागी बसावं, आणि त्या धडपडणाऱ्या पोराला शिकवावं. भीष्माचा आवाज आहे त्यांच्याकडे, अजूनही आहे. पोराला उडता येत नसेल, पडत असेल, तर गोष्ट आपोआप सुरू झाली. पोट आहे की नाही, तिकडे कोण बघतंय मग? डोंगर खुशाल पुठ्ठ्याचा ठेवा.

आमच्या संघात जन्मवाचनाच्या नाटकात सिद्धार्थ राजा व्हायचे एक काका, सलग बावीस वर्षं. मुकुट त्यांचा ठरलेला. गेल्या खेपेला सिंहासनाची पायरी चढताना त्यांचा तोल गेला. आता काय, म्हणून सगळे गप्प. ज्यानं त्यानं एकमेकांकडे बघितलं, कोणी हसलं नाही. त्या वर्षी त्यांनी मुकुट पुतण्याच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः स्वप्नलक्षणपाठक झाले, राजाला चौदा स्वप्नांचा अर्थ सांगणारे. बसूनच बोलायचं होतं. संवाद सगळा पाठ, कारण बावीस वर्षं समोर बसून ऐकलेला. आणि या वेळी दाढी चिकटवावी लागली नाही.